देवनागरीत सही

आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर पुन्हा जलरंगांकडे वळले. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात निसर्गचित्रं काढत, तेव्हापासून या गावात सकाळी सकाळी बोर्ड आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर पडणारी माणसं आहेत. सर पंचगंगेच्या घाटावर जातात आणि हाफ इम्पीरियल कागदावर, म्हणजे साधारण 15 बाय 22 इंचांवर, ऊन चढायच्या आत एक चित्र पुरं करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने या चित्रांचे फोटो काढले आणि एका ऑनलाइन गॅलरीत ती विक्रीला लावली. प्रत्येक चित्राखाली इंग्रजी मजकूर हवा होता. सरांचा फोन आला, "तू भाषांतरं करतेस ना गं, मग एवढं करून दे."

वीसेक चित्रांचा मजकूर मी करून दिला. त्यातल्या एकाने मला अडचणीत आणलं, ते पुढे सांगते. पण त्या निमित्ताने मी हा वाङ्मयप्रकार वाचू लागले. लिलावगृहांचे कॅटलॉग, गॅलऱ्यांची पानं, चित्रकारांनी स्वतःच्या चित्रांविषयी लिहिलेल्या चार ओळी, मिळेल ते. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही प्रस्तावना, मलपृष्ठ, अर्पणपत्रिका यांवर तास घालवले होते. चित्राखालच्या नोंदीकडे कुणी गद्य म्हणून पाहिल्याचं मला आठवत नाही. वास्तविक एकेका वाक्यामागे इतका पैसा उभा असलेलं दुसरं गद्य (विम्याचे कागद सोडले तर) मला माहीत नाही.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्र विकलं गेलं की त्याच्याखाली लाल टिकली लावतात. किंमतीचा कागद टेबलावर वेगळा पडलेला असतो, नावाची पट्टी इवलीशी असते, आणि माणूस या दोन्हींकडे बघण्याआधी चित्राकडे बघतो. पडद्यावर हा क्रम उलटतो. तिथे सरांचा 15 बाय 22 चा कागद आणि कुणाचा तरी आठ फुटी कॅनव्हास शेजारी शेजारी, एकाच मापाच्या चौकोनांत येतात. आकार डोळ्यांना कळत नाही, आकड्यांत वाचावा लागतो. रंगाचा थर किती जाड आहे, कागदाला दाणा आहे की तो गुळगुळीत आहे, चित्राच्या पाठीला काय लिहिलं आहे, हेही वाचावंच लागतं. 2000 साली मुंबईतून सॅफ्रनआर्टने इंटरनेटवर भारतीय चित्रांचे लिलाव सुरू केले. कॅटलॉग त्याआधीही होतेच. पण चित्रासमोर उभं न राहता चित्र घेणारा वाचक त्यांना तेव्हापासून मोठ्या संख्येने मिळू लागला. या वाचकाचा सगळा विश्वास शब्दांवर असतो. म्हणून ते शब्द कसे आहेत हे पाहणं मला समीक्षेचं काम वाटतं.

सहीपासून सुरुवात करते. लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावगृहांच्या कॅटलॉगांत भारतीय चित्रांच्या नोंदीत एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो, 'हिंदीत सही'. हुसेन यांच्या चित्रांच्या नोंदीत तो हमखास असतो. हुसेन कधी देवनागरीत, कधी उर्दू लिपीत, कधी रोमनमध्ये सही करत. जन्म पंढरपूरचा, वाढले इंदुरात, नाव अरबी वळणाचं. देवनागरीतली ती अक्षरं हिंदी आहेत हे कॅटलॉगवाल्यांनी कशावरून ठरवलं? सहीत नाव असतं, आणि नाव लिहिण्यासाठी लिपी लागते, भाषा लागत नाही. जामिनी राय यांच्या नोंदीत 'बंगालीत सही' असं येतं आणि ते खपून जातं, कारण तिथे भाषेला आणि लिपीला एकच नाव आहे. (असमिया वाचक त्यावरही हरकत घेतील, आणि त्यांची हरकत रास्त असेल.) पण 'हिंदीत सही' या दोन शब्दांनी मराठी, कोकणी, मैथिली, नेपाळी, बोडो अशा कुठल्याही घरातला चित्रकार एका फटक्यात हिंदी होतो. सॅफ्रनआर्टच्या नोंदींत 'देवनागरीत सही' असं असतं. फरक एका शब्दाचा आहे. त्या एका शब्दामागे कुणीतरी क्षणभर थांबून विचार केलेला आहे, एवढं मला पुरतं.

ही माझी भाषांतरकाराची किरकिर आहे असं कुणी म्हणेल. असेलही. पण संग्राहक ज्या गोष्टींवरून चित्र खरं मानतो त्यात सही पहिल्या काही गोष्टींत येते. 2009 च्या जानेवारीत सय्यद हैदर रझा दिल्लीत स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीतच, हे त्यांच्या ध्यानात आलं. चित्रकार जिवंत होता, समोर उभा राहिला, म्हणून उलगडा झाला. याच रझांनी आपल्या एका मोठ्या कॅनव्हासवर अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ देवनागरीत लिहिली आहे. ती ओळ मात्र खरोखरच हिंदीत आहे. सही आणि कविता या दोहोंना एकच विशेषण लावलं, तर त्या चित्रात भाषा नेमकी कुठे सुरू होते हे खरेदीदाराला कळायचं कसं?

सहीनंतर शीर्षक. भारतीय चित्रांच्या बाजारात सगळ्यांत महाग शब्द कोणता असेल तर 'अनटायटल्ड'. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले, गिरगावात वाढले, जे.जे.त शिकले, पुढे दिल्लीला गेले आणि 2001 मध्ये वारले. त्यांच्या किती तरी चित्रांची नोंद याच शब्दाने होते. 2013 मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं 1979 चं एक 'अनटायटल्ड' 23.7 कोटी रुपयांना गेलं. मला एका मराठी लेखासाठी हा शब्द मराठीत आणायचा होता. 'अनामिक' लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण 'अनामिक' हेच मुळी एक चांगलं, भावगीतात शोभणारं शीर्षक आहे. 'निनावी' म्हटलं तर पोलिस ठाण्यात आलेलं पत्र आठवतं. हिंदीत 'शीर्षकहीन' चालतं, बांगलात 'शिरोनामहीन'. मराठीत 'हीन' लावला की काहीतरी उणं असल्याचा वास येतो. शेवटी 'शीर्षक दिलेलं नाही' असं अख्खं वाक्य लिहिलं. संपादकांना ते लांब वाटलं. मला ते एवढ्यासाठी आवडलं की त्यात देणारा कुणीतरी आहे आणि त्याने दिलेलं नाही.

बाजाराला मात्र हाक मारण्यापुरतं नाव लागतंच. चित्राला नाव नसेल तर साल नाव होतं, आणि साल पुरेनासं झालं की किंमत नाव होते. '23.7 कोटीवालं' म्हटलं की मुंबईच्या चित्रवर्तुळात लोकांना कळतं. ज्या माणसाने चित्र आणि बघणारा यांच्यामध्ये एक शब्दही येऊ दिला नाही, त्याच्या चित्रापुढे आता एक आकडा उभा असतो. या आकड्याला भाषांतरही लागत नाही.

आता माझी चूक. सरांच्या एका चित्रात घाटाच्या पायऱ्या आहेत, धुकं विरत चाललं आहे, माणूस एकही नाही, आणि उजवीकडे पायरीवर एक पांढरं वस्त्र वाळत घातलं आहे. बाकी सगळा कागद राखी-जांभळा, तेवढाच तुकडा कोरा सोडलेला. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच राखून ठेवतात, हे सरांनीच आम्हाला आठवीत शिकवलं होतं. मी विचारलं, "सर, या चित्राबद्दल काय लिहू?" ते म्हणाले, "सकाळी गेलो. उजेड बरा होता. काढलं." एवढ्याने इंग्रजी मजकुराचा रकाना भरत नाही. गॅलरीची सूचना होती की 'कलाकाराची प्रेरणा' सांगणारा परिच्छेद असावा. मी लिहिला. त्यात नदीकाठची ओस पडत गेलेली संस्कृती आली, अनुपस्थिती आली, आणि ते पांढरं वस्त्र चित्रकाराला निरोपाच्या वस्त्रासारखं दिसतं, असं एक वाक्य आलं. वाक्य चांगलं होतं. आजही इंग्रजीत ते मला चांगलं वाटतं.

चित्र गेलं. दक्षिणेतल्या एका शहरातल्या गृहस्थांनी घेतलं. महिनाभराने त्यांचं पत्र आलं, इंग्रजीत. त्यांच्या वडिलांचे अंत्यविधी नदीकाठी झाले होते. ते वाक्य वाचलं आणि चित्र आपल्याच घरी यायला हवं असं त्यांना वाटलं. चित्रकाराने हे इतक्या थोडक्यात कसं पकडलं, असं त्यांनी विचारलं होतं. सर म्हणाले, "वाचून दाखव, मराठीत." मग मला त्या पत्रातलं माझंच वाक्य मराठी करून सरांना ऐकवावं लागलं.

"हे मी कधी म्हणालो गं?"

मी काही बोलले नाही.

"ते भटजींचं धोतर आहे. रोज तिथंच घालतात वाळत."

मग बराच वेळ सर कपातला चहा हलवत बसले. म्हणाले, "आता त्यांना काय कळवायचं?" आणि थोड्या वेळाने, "धोतर होतं असंच लिही. पण वाईट वाटेल असं लिहू नको."

ते पत्र मी चार वेळा लिहिलं. इतकं अवघड भाषांतर मी आजवर केलेलं नाही. त्या गृहस्थांचं उत्तर आलं नाही. चित्रही परत आलं नाही.

पांढऱ्या वस्त्रात कफन पाहण्याचा अधिकार बघणाऱ्याला आहेच, समीक्षकालाही आहे. मी तेच वाक्य माझ्या नावाने एखाद्या मासिकात लिहिलं असतं तर सरांनी हसून सोडून दिलं असतं. छापील कॅटलॉगमधल्या लेखाखालीही बहुधा लेखकाचं नाव असतं. ऑनलाइन विक्रीतलं हे वर्णन निनावी असतं आणि चित्रकाराच्या नावाखाली उभं असतं, त्यामुळे ते चित्रकाराचंच बोलणं ठरतं. मूळ लेखकाच्या तोंडी आपलं वाक्य घालणं याला भाषांतराच्या व्यवसायात काय म्हणतात ते मला माहीत आहे. इतरांच्या भाषांतरांवर लिहिताना मी तो शब्द वापरलेला आहे. आणि गोष्ट जोडलेली चित्रं लवकर गेली, हेही नाकारत नाही. त्यामुळेच ही सवय सुटत नाही. गॅलऱ्यांची पानं वाचत गेलं की सगळेच चित्रकार एका आवाजात बोलताना ऐकू येतात. प्रत्येक जण 'शोध' घेतो, प्रत्येक जण 'संवाद' साधतो, बालपण प्रत्येकाच्या मनात 'रुजलेलं' असतं. हा आवाज इंग्रजीत तयार होतो. त्यातून मराठीत, बांगलात, मल्याळममध्ये आणलेली वर्णनं वाचली तरी मागची इंग्रजी दिसते. ही माणसं आपापल्या भाषेत काय म्हणाली होती ते कुठेच नोंदलेलं नसतं. सरांचं 'उजेड बरा होता' हे वाक्य मी टाकून दिलं होतं. चित्राबद्दलचं सगळ्यांत अचूक विधान तेच होतं.

या सगळ्या गद्यात मला मनापासून आवडलेला भाग एकच, आणि तो सहसा कुणी वाचत नाही, म्हणजे 'कंडिशन रिपोर्ट'. कागदाला तपकिरी ठिपके आले आहेत. वरच्या कडेला जुन्या चिकटपट्टीचा डाग आहे. फ्रेमखाली झाकलेली पट्टी इतर भागापेक्षा गडद आहे, म्हणजे बाकीचा रंग उजेडाने उतरला आहे. डाव्या कोपऱ्यात मागाहून रंग भरलेला आहे, तो अतिनील दिव्याखाली दिसतो. इथे एकही विशेषण उगाच आलेलं नाही. कुणीतरी खरोखर चित्र हातात घेतलं, उलटं केलं, दिवा धरला, आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं. चित्राशी लेखकाची गाठ पडल्याचा पुरावा या नोंदीत मिळतो. वर्णनातल्या सुंदर परिच्छेदांत तो बऱ्याचदा मिळत नाही. ते फोटोवरूनही लिहिता येतात. मी लिहिले आहेत.

धोतराच्या प्रकरणानंतर मी सरांना प्रत्येक चित्राबद्दल एवढंच विचारायचं ठरवलं, की याला काय झालंय? आणि सर बोलू लागले. "इथं वरती पावसाचा थेंब पडलाय, तो माझा नाही. ठेवला तसाच." "हा कागद मधेच वाळला, त्यामुळं आभाळात कड आलीय बघ." "यातला क्रिमझन टिकायचा नाही. उन्हासमोर लावू नका म्हणावं, गुलाबी उडून जाईल." त्यांच्या मुलीला शेवटचं वाक्य पसंत नव्हतं. रंग उडेल असं सांगून चित्र विकायचं? सर म्हणाले, "मग काय उडल्यावर सांगायचं?"

सगळ्यात शेवटी 'ओरिजिनल' हा शब्द. ऑनलाइन विक्रीत तो इतक्या वेळा येतो की डोळ्यांना दिसेनासा होतो. मराठीत त्याला दोन शब्द आहेत आणि ते एक नाहीत. 'मूळ' म्हणजे ज्यातून दुसरं निघालं ते. 'अस्सल' म्हणजे जे खोटं नाही ते. जुन्या दप्तरांत 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा भेटतो, म्हणजे नक्कल आहे, पण अस्सलाप्रमाणे आहे. भाषांतरकाराने दारावर लावावा असा हा शेरा. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. आज त्या छापील चित्रांचीही ऑनलाइन विक्री होते आणि त्यांच्यापुढेही 'ओरिजिनल' असतं. मूळ चित्र ते नव्हे, पण त्या छापखान्याचा छाप म्हणून अस्सल आहे. इंग्रजीतला एक शब्द हा फरक झाकून टाकतो, आणि घाईतला खरेदीदार तैलचित्राच्या आशेने छापावर बोट ठेवतो. रविवर्म्यांची हातची चित्रं तर 1972 च्या पुरावस्तू आणि कलावस्तूंच्या कायद्यामुळे देशाबाहेर जाऊच शकत नाहीत. अमृता शेरगिल आणि नंदलाल बोस यांच्या चित्रांनाही हेच लागू आहे. चित्र जगातल्या कुठल्याही पडद्यावर दिसेल, बोलीही लावता येईल, मात्र भिंत भारतातलीच लागेल.

आपल्या कॉपीराइट कायद्यात तर 'ओरिजिनल कॉपी' असा शब्दप्रयोग आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं. मराठीत 'मूळ प्रत' म्हटलं की त्यातली गंमत जाते आणि अर्थ सरळ होतो. 1994 च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम 53अ सांगतं की चित्राची, शिल्पाची, रेखाटनाची किंवा साहित्याच्या हस्तलिखिताची मूळ प्रत 10,000 रुपयांपेक्षा जास्त किंमतीला पुन्हा विकली गेली, तर त्या किंमतीत निर्मात्याचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा आहे. वाटा किती ते ठरवून घ्यावं लागतं, पण तो 10 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. कॉपीराइटची मुदत असेपर्यंत, म्हणजे निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत, हा हक्क टिकतो. हा वाटा प्रत्यक्ष हातात पडलेला चित्रकार मला अजून भेटलेला नाही. एक कारण उघड आहे. दिवाणखान्यातून दिवाणखान्यात गेलेल्या चित्राची किंमत चित्रकाराला कळणार कशी? इथे मात्र मला ऑनलाइन विक्रीची बाजू घ्यावीशी वाटते. लिलाव संपला की आकडा सगळ्यांसमोर असतो आणि पुष्कळदा वर्षानुवर्षं तिथेच राहतो. चित्र, माप, साल, किंमत, सगळं शोधून सापडतं. ज्या नोंदीला मी इतका वेळ नावं ठेवली, तीच एखाद्या चित्रकाराच्या मुलीच्या हातात पुरावा म्हणून उभी राहू शकते. त्यासाठी ती बरोबर लिहिलेली हवी. चित्र ओळखता येईल इतकी.

सरांना मी हे कलम समजावून सांगितलं. त्यांनी आकडेमोड केली. 20,000 ला पुन्हा विकलं तर फार तर 2,000. "म्हणजे कागदाचा खर्च निघाला," म्हणाले. पण त्या संध्याकाळी त्यांनी विकलेल्या सगळ्या चित्रांची यादी वहीत लिहून काढली, माप आणि तारखेसकट. धोतराच्या चित्रापुढे काय लिहावं म्हणून थोडं थांबले आणि 'घाट, सकाळ' असं लिहिलं.

आता आमची नोंद अशी असते. आधी सरांचे शब्द मराठीत, जसेच्या तसे. त्याखाली माझं इंग्रजी, आणि शेवटी भाषांतरकार म्हणून माझं नाव. गॅलरीच्या फॉर्ममध्ये सहीसाठी एक रकाना आहे आणि त्यात भाषा निवडावी लागते. यादीत हिंदी आहे, मराठी नाही. आम्ही 'इतर' निवडतो आणि शेजारी 'देवनागरी' असं टाइप करतो. पावसाच्या थेंबाचं चित्र गेल्या जूनपासून तिथे आहे. थेंबाची नोंद पहिल्याच ओळीत आहे आणि क्रिमझनची दुसऱ्या. अजून गिऱ्हाईक नाही. परवा मुलीने विचारलं, किंमत थोडी उतरवू या का? सर म्हणाले उतरव, पण थेंबाचं काढू नको.